रेघेपर्यंत

आमच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीवर जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर फड पद्धतीची शेती होते. ही रीत काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी कुणाच्या मर्जीने मिळत नाही, पाळीने मिळतं. ती पाळी चालवतो पाटकरी. माझे काका, आमचे नाना, अर्धं आयुष्य पाटकरी होते. मजुरी धान्यात मिळायची, शिव्या रोखीत. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन ते पाटावर जायचे, चप्पल काठावर काढून उजवा पाय पाण्यात घालायचे आणि घोट्याला पाणी कसं लागतंय त्यावरून सांगायचे की वर कुणीतरी चोरून पाणी फोडलंय. मी लहान असताना त्यांच्याबरोबर गेलेली आहे. मलाही त्यांनी पाय घालायला लावला होता. मला फक्त थंडी वाजली.

त्याच पायाची ही गोष्ट.

दरवर्षी पाटातला गाळ सगळं गाव मिळून काढतं. दहा-बारा वर्षांपूर्वी असाच गाळ काढताना नाना घसरले आणि नडगीचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. ज्या माणसाने कधी दुपारची झोप घेतली नाही, तो सहा आठवडे खाटेवर. प्लास्टर काढल्यावर चौथ्या दिवशी मी घरी गेले, तेव्हा काकू पितळी वाटीत तेल कोमट करत होती. "पिंढरी आखडली आहे, चोळून देते," म्हणाली. मी पाय बघितला. प्लास्टरमधून निघालेला पाय बारीक असायला हवा, हा तर दुसऱ्यापेक्षा जाड होता. कातडी ताणलेली, चकाकणारी. हात लावला तर कोमट. मी काकूच्या शिलाई मशीनची टेप आणली आणि दोन्ही पिंढऱ्या एकाच उंचीवर मोजल्या. उजवी चार सेंटिमीटरने जास्त भरली.

मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी एका लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. पण इतकं मला शिकवलेलं होतं की एकाच पायाला अशी सूज आली तर तो पाय चोळायचा नाही. आत शिरेत रक्ताची गाठ असेल, तर चोळल्याने ती सुटून वर सरकू शकते, हृदयातून फुप्फुसात जाऊ शकते. मी काकूच्या हातातली वाटी काढून घेतली. तिला ते लागलं. चाळीस वर्षं ज्या हातांनी या माणसाच्या पायांना तेल लावलं, त्या हातांना कालची पोर थांबवते म्हणजे काय! पण वाटी मी परत दिली नाही.

धुळ्याला डॉप्लर सोनोग्राफी झाली. मांडीच्या खोल शिरेत गाठ निघाली, गुडघ्याच्या खालपर्यंत उतरलेली. डॉक्टरांनी नानांना सोप्या शब्दांत सांगितलं. पायातलं रक्त वर चढतं ते पिंढरीचे स्नायू दाबले जातात म्हणून. पाय हललाच नाही तर रक्त तुंबतं, आणि तुंबलेलं रक्त गोठतं. त्यात हाड मोडलेलं, म्हणजे शरीर आधीच रक्त गोठवायच्या तयारीत. नानांनी मान हलवली. तुंबणं म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग पोटावर इंजेक्शनं आणि त्याच्या जोडीला वॉरफेरीनची गोळी सुरू झाली. गोळीचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात, तोवर इंजेक्शनं. नानांनी विचारलं, "म्हणजे ही गोळी गाठ विरघळवणार?" डॉक्टर म्हणाले, "नाही. गोळी फक्त गाठ वाढू देत नाही, नवी होऊ देत नाही. असलेली गाठ तुमचं शरीरच हळूहळू साफ करील. त्याला वेळ द्यायचा." तीन महिने रोज संध्याकाळी एका ठरलेल्या वेळी गोळी, आणि ठरलेल्या दिवशी रक्ताची तपासणी, आयएनआर. तो दोन ते तीनच्या मध्ये राहिला पाहिजे. दोनच्या खाली गेला तर गाठीची भीती, तीनच्या फार वर गेला तर रक्तस्रावाची.

पहिल्या तपासणीला नाना माझ्याकडेच आले. रक्त काढताना त्यांनी तोंड फिरवलं नाही, नळीकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "पातळ कुठंय गं? होतं तसंच दिसतंय." गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की या गोळीने रक्ताचं पाणी होतं, माणूस अशक्त होतो. 'रक्त पातळ करणारी गोळी' हे नाव आपण सगळेच घेतो, मीही घेते, आणि या नावाने किती माणसं घाबरवली असतील याचा हिशेब नाही. मी नळी उजेडात धरून दाखवली. रक्त तितकंच दाट असतं, तितकंच लाल. फक्त गोठायला जास्त वेळ घेतं. यकृत के जीवनसत्त्व वापरून रक्त गोठवणारी काही प्रथिनं तयार करतं, गोळी त्या कामाला लगाम घालते. एवढंच.

पण अर्धवट माहिती नानांना आणखी एका दिशेने भेटायची होती.

पाय उतरला होता. नाना काठी न घेता चालत होते. दोन महिने झाले होते. चौकात एका शेजाऱ्याच्या मुलाने मोबाईलवर गोळीचं नाव घालून बघितलं आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की हे तर उंदीर मारायचं औषध आहे. नाना काही बोलले नाहीत. घरी आले, गोळ्यांची पाकिटं गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवली आणि घेणं बंद केलं. काकूलाही सांगितलं नाही. पाच आठवड्यांनी पाटावर चढताना एकदम दम लागला. श्वास घेतला की छातीत उजवीकडे सुरी फिरल्यासारखं व्हायचं. लोकांनी खाली बसवलं. खोकल्यात रक्ताचा ठिपका आला. गाठीचा तुकडा फुप्फुसात गेला होता.

नाना वाचले. आठ दिवस दवाखान्यात होते, त्यातले तीन अतिदक्षता विभागात. बाहेर बाकावर मी आणि काकू. काकू सारखी एकच वाक्य म्हणत होती, "मला सांगितलं असतं तर." मला वाटतं, कुठल्याही औषधाबद्दल मनात शंका आली तर ती निदान घरात बोलून दाखवावी. औषध गुपचूप बंद करणारी माणसं मी लॅबमध्ये रोज बघते. ती मूर्ख नसतात. त्यांना कुणीतरी अर्धं खरं सांगितलेलं असतं.

कारण ती गोष्ट अर्धी खरीच होती. दवाखान्यातून सुटायच्या आदल्या दिवशी मी नानांना उरलेली अर्धी सांगितली. 1920च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात गुरं दगावू लागली. शिंग कापलं, जरासं लागलं, की रक्त थांबायचंच नाही. पशुवैद्यांनी शोधलं की गुरं बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खात होती. 1933च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात गाडी हाकत जवळजवळ तीनशे किलोमीटर गेला. गाडीत मेलेली कालवड, तो खराब चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त. शनिवार होता. तो विद्यापीठात कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात जाऊन उभा राहिला.

नानांनी मला मध्येच थांबवलं. "मग त्याची बाकीची गुरं वाचली?"

गोठा असलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. मला उत्तर माहीत नव्हतं, तसं सांगितलं. लिंक त्या दिवशी त्याला एवढंच सांगू शकले की हा चारा घालू नकोस, आणि जमलं तर जनावरांना दुसऱ्या जनावराचं रक्त दे. पण ते त्या कॅनमागे लागले. 1939 साली त्यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं निघालं. पुढे त्याच जातीचं आणखी प्रभावी द्रव्य बनवलं, आणि ज्या संस्थेने पैसा दिला होता त्या विस्कॉन्सिन अ‍ॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफेरीन नाव दिलं. 1948 साली ते खरोखरच उंदरांसाठी विकायला आलं. 1954 साली माणसांसाठी मंजूर झालं. 1955 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही हेच दिलं होतं.

नाना बराच वेळ छताकडे बघत होते. मग म्हणाले, "उंदराला किती देतात आणि मला किती, हे त्या पोराने वाचलं नाही."

डॉक्टरांनी आता मुदत सांगितली नाही. गोळी चालू ठेवायची म्हणाले. सारखी आयएनआर तपासायची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या तेव्हा आल्या होत्या, पण त्यांची किंमत घरी परवडणारी नव्हती. नानांनी काकूसमोर शब्द दिला की एकही गोळी चुकणार नाही. आणि चुकली नाही.

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही.

मी इतकी घाबरले होते की घरी आल्याबरोबर काकूला बजावलं, "आजपासून पालेभाजी बंद. मेथी नाही, पालक नाही, कोथिंबीरसुद्धा नाही." पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलट काम करतं, हे मला ठाऊक होतं. त्याच्या पुढचं ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. काकूने अंगणातला मेथीचा वाफा उपटून टाकला. तीन-चार महिने नाना भाकरी, डाळ आणि बटाटा खात राहिले. त्या जेवणावर आयएनआर वर जायला लागला, म्हणून डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली. सगळं बसलं असं वाटलं.

मग हिवाळा आला. हिवाळ्यात खानदेशात मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी दारोदार. नाना चार दिवस भाचीच्या लग्नाला गेले. तिथे त्यांना पथ्य कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मनसोक्त खाल्लं. आल्यावर तपासणी केली, आयएनआर 1.3. कागद बघून त्यांचा चेहरा उतरला. दम लागलेला तो दिवस त्यांना आठवला असणार. आठवडाभर कुणालाही न विचारता ते रोज दोनदा गोळी घेत राहिले. त्यात थंडीने गुडघा धरला, तर दुकानातून वेदनाशामक गोळी आणून तीही तीन दिवस घेतली. नवव्या रात्री नाक फुटलं. काकूच्या दोन साड्या भिजल्या. पहाटे आम्ही धुळ्याला पोचलो तेव्हा आयएनआर 8 च्या पुढे होता. के जीवनसत्त्व शिरेतून द्यावं लागलं, नाकात बोळे घालावे लागले.

रक्त थांबल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "पालेभाजी बंद करायला कुणी सांगितलं?"

काकूने माझ्याकडे बघितलं नाही. नाना म्हणाले, "मीच सोडली होती." ते असं म्हणाले, आणि मी त्यांना तसं म्हणू दिलं. दुपारी डॉक्टर परत आले तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी उठून सांगितलं की मीच सांगितलं होतं. ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि आम्हा तिघांना समजावलं की गोळीचं आणि पालेभाजीचं वैर नाही. एक दिवस डोंगर आणि दुसऱ्या दिवशी दरी, ते चालत नाही. आठवड्यात जेवढी भाजी खाता तेवढी नेमाने खा, गोळी त्या जेवणावर बसवता येते. गोळी विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन असलं काही दुकानातून आणून खाऊ नका. काढा, चूर्ण, नवं अँटिबायोटिक, काहीही सुरू करायचं तर आधी कळवा. मग त्यांनी नानांकडे वळून विचारलं, "आठवडाभर दोन-दोन गोळ्या का घेतल्या?"

"घेतली त्या दिवशी काही फरकच दिसला नाही. म्हणून अजून घेतली."

"दिसणार नाही. आज घेतलेल्या गोळीचा परिणाम रक्तात उतरायला दोन-तीन दिवस लागतात."

नाना गप्प झाले. हा माणूस पाण्याचा होता. पाटाचं तोंड वर उघडलं की शेवटच्या शेतात पाणी लगेच येत नाही. नवखा शेतकरी धीर सोडतो, धावत जाऊन तोंड आणखी मोकळं करतो, आणि मग पहाटे शेवटचं शेत बुडतं, बांध फुटतो. नानांनी असे किती बांध रात्री उठून बांधलेले. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या खोलीत त्यांना स्वतःची लाज वाटली की हायसं वाटलं, मला सांगता येणार नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "अहो, एवढं तर मला येत होतं."

घरी आल्यावर त्यांनी पेटीतून पाळीच्या जुन्या वह्या काढल्या. कुठलं शेत, किती वाजता पाणी लावलं, किती वाजता तोडलं, अशा रेघा आखलेल्या लांबोड्या वह्या. एका वहीची मागची पानं कोरी होती. तिच्यात त्यांनी रकाने पाडले. तारीख, गोळी, आयएनआर, भाजी. गोळी घेतली की बरोबरची खूण. काकूने मेथीचा वाफा पुन्हा केला, पण आता भाजी मापाने. एक दिवसाआड दुपारच्या जेवणात शिजवलेली एक वाटी, तीच वाटी. ती वाटी, मी ओळखली, तेल कोमट करायची पितळी वाटी होती. आम्ही कुणी त्यावर काही बोललो नाही.

पाय पूर्वीसारखा झाला नाही, हेही लिहायला हवं. शिरेच्या आतल्या झडपा एकदा बिघडल्या की त्या दुरुस्त होत नाहीत. संध्याकाळी घोटा सुजतो, त्याच्या वरची कातडी काळपट झाली आहे. सकाळी उठायच्या आधी ते घट्ट लांब मोजे चढवतात, दोन्ही हातांनी ओढत, दमत. खाटेच्या पायथ्याकडे दोन विटा आहेत. एसटीने कुठे जायचं तर दर थोड्या वेळाने टाचा वर-खाली करत बसतात, शेजारच्याला वाटतं भजन चाललंय. खिशात कागद असतो, रक्त न गोठण्याची गोळी चालू आहे म्हणून. दात काढायचा होता तेव्हा खुर्चीत बसायच्या आधी तो कागद पुढे केला. विळा लागला तर स्वच्छ फडकं दाबून धरतात, घड्याळ बघत, पंधरा मिनिटं न सोडता. आणि संध्याकाळी आठला गोळी, पाण्याचा तांब्या, वही, खूण. नव्या गोळ्या आता बऱ्याच स्वस्त झाल्यात. डॉक्टरांनी विचारलं, बदलायची का? नानांचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये वर्षानुवर्षं बसलेला आहे. दोघांनी बोलून ठरवलं, राहू द्या.

गेल्या महिन्यात गावातला एक ट्रकवाला मुलगा नानांबरोबर लॅबमध्ये आला. पस्तिशीचा असेल. गुजरातपर्यंत बारा-बारा तास एका बैठकीत गाडी चालवायचा. डाव्या पायात गाठ निघाली, महिनाभर गोळी चालू आहे. त्याला घाई होती, गाडी भरून उभी होती. "नाना, मला आता काही होत नाही," तो वाटेत म्हणाला असणार, कारण आत येताना नाना त्याला सांगत होते, "मलाही काही होत नव्हतं."

मी सुई लावली. आयएनआरची नळी निळ्या टोपणाची असते. तिच्यात आधीपासून मोजून घातलेलं सायट्रेट असतं, एक भाग. त्यात रक्त बरोबर नऊ भाग पडलं पाहिजे, म्हणून नळीवर रेघ असते. रक्त कमी पडलं तर आकडा खोटा येतो, खऱ्यापेक्षा वर दिसतो, आणि त्या खोट्या आकड्यावर डॉक्टर गोळी कमी करतात. मुलाची शीर बारीक होती. रक्त रेघेच्या बोटभर खाली थांबलं.

"होईल ना ताई एवढ्यात? मला निघायचंय."

मी उत्तर द्यायच्या आत नाना बाकावरून उठले. चष्मा वर करून त्यांनी नळी जवळून बघितली, जसं पाटावर बॅटरीने पाणी बघायचे तसं.

"टाक ती," मला म्हणाले. "दुसऱ्या हाताचं घे." मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खुर्चीत बसवलं, आणि स्वतः त्याच्या बाजूला उभे राहिले. मी दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली. रक्त आलं. तिघेही नळीकडे बघत होतो. ते सावकाश चढत होतं.

"आलं का रेघेपर्यंत?" नानांनी विचारलं.

"येतंय," मी म्हणाले.